पेन्सिलीने लिहिलेली सूट

माझ्या कॉलेजच्या ऑफिसने मला फसवलं. दोन विषयांची सूट देतो म्हणून सांगितलं, आणि पदवी हातात पडायच्या वेळी म्हणाले, अशी सूट कोणी दिलीच नव्हती. इतक्या वर्षांनी आजही मी हे याच शब्दांत सांगते. नवऱ्याला ते जरा सौम्य करून हवं असतं.

दोन हजार सालानंतर पुण्याहून संगणकवाल्यांची जपानला रीघ लागली, त्यात माझा नवरा आला आणि त्याच्याबरोबर मी. घर कावासाकीत. पुण्यात मी सात वर्षं विमा विकला होता. हडपसर ते भोसरी, स्कूटरवर. कोणाची ओळख नाही, वशिला नाही, एकेक गिऱ्हाईक स्वतः जोडलेलं. इथे तेच काम करायचं तर इथला कागद हवा होता. म्हणून विम्याच्या असोसिएट पदवीला प्रवेश घेतला. ही पदवी देणाऱ्या दोन वर्षांच्या कॉलेजला इथेही ज्युनियर कॉलेजच म्हणतात. फोनवर सासूबाईंना ते सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, बी.कॉम. झालेली तू, परत अकरावीला बसतेस?"

"बारावीपण करणार आहे," मी म्हटलं.

प्रवेशाच्या वेळी बी.कॉम.ची गुणपत्रिका आणि भारतात दिलेल्या विम्याच्या परीक्षांचे निकाल, भाषांतरासकट, काउंटरवर ठेवले आणि सहा विषयांची सूट मागितली. मनात चार होते. "एकही शक्य नाही," तांतो म्हणाले. तांतो म्हणजे ते काम ज्याच्या टेबलावर असतं तो माणूस. जपानी ऑफिसात प्रत्येक कामाला एक तांतो असतो आणि दुसरा कोणी त्या कामाला बोट लावत नाही. मी दर मंगळवारी जाऊन उभी राहायला लागले. सहाचे पाच केले, पाचाचे चार. चौथ्या मंगळवारी त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "दोन. विमा करार कायदा आणि हिशेबशास्त्र. पत्र नंतर येईल." माझ्या विषयांच्या यादीवर त्या दोन नावांपुढे त्यांनी पेन्सिलीने 'सूट' असं लिहिलं. शिक्का मारला नाही. सौदा जमला या आनंदात मी घरी आले. पत्राचा तगादा लावायचं डोक्यातच आलं नाही.

दोन वर्षं एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये बसून शिकले. एक-एक अक्षर शब्दकोशात शोधायचे. आमची लेक तेव्हा दुसरीत होती. तिने एकदा माझ्या खांद्यावरून बघून जपानीत विचारलं, "आई, हे पुस्तक तू वाचतेस की मोजतेस?" भूकंपाच्या विम्याचं होतं ते. त्या पेपरात मी वर्गात तिसरी आले.

दुसऱ्या वर्षी तोयोसुच्या एका विमा एजन्सीने मला नोकरी देऊ केली. तिथल्या टॉवरांमध्ये आपली कुटुंबं भराभर राहायला येत होती आणि घराचा, गाडीचा विमा त्यांना मराठी-हिंदीत समजावणारं कोणी नव्हतं. अट एकच होती: मार्चमध्ये पदवी, एप्रिलच्या एक तारखेला हजर. इथे नवी माणसं त्याच दिवशी एकदम कामावर येतात. मागाहून शिरता येत नाही.

फेब्रुवारीत पदवी मिळणाऱ्यांचे क्रमांक फलकावर लागले. त्यात माझा नव्हता.

काउंटरवर नवे तांतो होते. जुने आदल्या एप्रिलमध्ये दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदलून गेले होते. मी यादी पुढे सरकवली.

"तुमचे दोन विषय झालेले नाहीत," ते म्हणाले.

"त्यांची सूट आहे. हे बघा."

त्यांनी बघितलं, शेजारच्या बाईंना दाखवलं. "अक्षर त्यांचंच आहे," बाई म्हणाल्या.

"मग?"

"शिक्का नाही. आणि आमच्याकडे सोपवलेल्या कामांत याची नोंद नाही."

"त्यांना फोन लावा."

"आता तो त्यांचा विषय राहिलेला नाही."

"त्यांचा नाही, तुमचा नाही. मग काय माझ्या सासूबाईंचा आहे?" मी काउंटरवर हात आपटला. पेनांचा डबा कलंडला. काउंटरमागचे तिघेही उठून उभे राहिले आणि कमरेत वाकले. वाकलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

चूक माझीही होती, ते मी नाकारत नाही. पुण्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला दरडावायचे, "एजंट काय बोलला ते विसरा, कागद वाचा." आणि स्वतःच्या वेळी पेन्सिलीवर विसंबले. पण एजन्सीने ती जागा दुसऱ्या मुलीला दिली, त्यात माझी चूक किती आणि ऑफिसची किती? नवरा म्हणाला, "दोन विषय सहा महिन्यांत होतील, भांडण सोड ना." मी भांडण सोडलं नाही, पण दोन्ही विषयांना बसले.

करार कायद्याच्या तासाला सरांनी शिकवलं: कंपनीने काउंटरवर बसवलेला माणूस काही कबूल करत असेल आणि समोरच्याला त्याच्या अधिकाराबद्दल शंका घ्यायला कारण नसेल, तर ते कबूल करणं कंपनीला बांधतं. मग तो माणूस पुढे कुठेही बदलून जावो. परीक्षेत यावरच प्रश्न आला. मी उदाहरण दिलं एका कॉलेजचं, एका तांतोचं आणि दोन विषयांचं. सरांनी सर्वांत वरची श्रेणी दिली. सप्टेंबरमध्ये तीच श्रेणी त्याच ऑफिसने लाल शिक्का मारून माझ्या हातात ठेवली.

म्हणजे माझं म्हणणं बरोबर आहे, हे कॉलेजने स्वतःच्या शिक्क्याने कबूल केलं. तेव्हा ऑफिसवाल्यांनो, आता वाकणं पुरे. सूट आम्ही दिली होती आणि आम्हीच मोडली, असं तुमच्यापैकी एकाने सरळ उभं राहून मला सांगावं. तुमच्यात कोणाचा विषय आहे हा?