आत्याबाई आणि माझ्या गालाची हाडं

माझ्या गालाची हाडं वर आहेत. वडिलांची तशीच, चुलत्यांची तशीच, धाकट्या बहिणीची तर माझ्याहून वर. संगमनेरकडे आमच्या गावात त्याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही, कारण तिथं आमचं सगळं घराणंच लोकांच्या डोळ्यांसमोर होतं. लग्न होऊन मी मिरजगावात आले आणि या दोन हाडांनी माझ्या सासूची गावभर बदनामी केली.

सासूचं नाव गोजरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. जिभेनं फटकळ, हातानं सढळ आणि नावाला जिवापाड जपणारी बाई. मी आले एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, आणि बहात्तरला पावसानं पाठ फिरवली. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेली मुलगी या कोरड्या मुलखात दिली, तिची गालफडं बसली, म्हणजे सासू तिला खायला घालत नाही. टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांनी एवढा निकाल लावून टाकला. मी दोन्ही वेळा पोटभर जेवते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "सासुरवाशीन दुसरं काय सांगनार," म्हणत त्या माझ्याच पाठीवरून हात फिरवायच्या. अस्सा संताप यायचा.

आत्याबाईंना संताप यायचा तो माझा. "भागिरथे, खाल्लेलं जातं कुठं तुझं? येक घास अंगी लागंल तर शपथ." जनावरं चारा-छावणीला गेली होती, दारात एक दुभती शेळी तेवढी उरली होती. तिचं दूध माझ्या पेल्यात. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीवर घरातलं उरलंसुरलं तूप, तेही माझ्याच ताटात. नको म्हटलं तर समोर ठाण मांडून बसायच्या. माझे दंड भरले, चोळ्या उसवल्या. पण डोक्यावरून पदर घेतलेल्या सुनेचं लोकांना तोंडच तेवढं दिसतं, आणि तोंडावर हाडं होती तिथंच होती.

हा सगळा आटापिटा धाकट्या दिराच्या, बन्सीच्या लग्नासाठी होता. सून उपाशी ठेवणाऱ्या घरात मुलगी कोण देणार? एक सोयरीक जुळत आली होती. मुलीकडच्या बायका घर बघायला आल्या, त्या दिवशी आत्याबाईंनी माझ्या दोन्ही गालांत गुळाचे खडे कोंबले. गाल फुगलेले दिसले की झालं, हा त्यांचा विचार. गाल फुगले खालून, हाड राहिलं वर, आणि मला तोंड उघडता येईना. पाहुण्यांनी माहेर कुठलं विचारलं, मी मान हलवली. इथं करमतं का विचारलं, पुन्हा मान हलवली. बाहेर पडता पडता एक जण म्हणाली, "पोरीला बोलायचीसुदिक चोरी हाय." सोयरीक मोडली. पुढे कितीतरी दिवस आत्याबाई माझ्याशी धड बोलल्या नाहीत, जसा काही तो गूळ मीच मागून घेतला होता.

मग मला दवाखान्यात नेलं. "हिला खाल्लेलं लागत न्हाई, विंजेक्शन द्या," आत्याबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मला तपासलं आणि माझ्या गालावर बोट फिरवून दाखवलं. "हे हाड वर कपाळाला, खाली वरच्या जबड्याला आणि मागं कानाकडच्या हाडाला जोडलेलं असतं. डोळ्याच्या खोबणीची बाहेरची कडही याचीच. हिचं जन्मापासूनच असं आहे, बाई. तूप घालून हाड खाली बसत नसतं."

"मंग लोकान्ला कसं पटवायचं?"

"उपासमारीनं हाड वाढत नाही, त्याच्या भोवतीचं मांस झडतं. खाली गाल आत जातो आणि वर, इथं कानशिलात, खड्डा पडतो. हिच्या कानशिलाला बोट लावून बघा. भरलेलं आहे."

आत्याबाईंनी बोट लावलं, दाबून बघितलं, आणि घरी पोचेपर्यंत रस्त्यात थांबून थांबून पुन्हा दाबून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली बाई दिसली की तिला बोलावून माझं कानशील दाखवायचं. बाजारात दात बघायला उभ्या केलेल्या बैलासारखी माझी गत झाली.

शिमग्याच्या सुमाराला माहीजळगावच्या साळूबाई त्यांच्या लेकीसाठी, मनकर्णासाठी, आमचं घर बघायला आल्या. त्या जेवायला बसल्या, पण आत्याबाई बसल्या नाहीत. त्यांचा उपवास होता. त्या वर्षी त्यांचे उपवास फार वाढले होते. दुष्काळात माणूस देवाचं जास्त करतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

जेवण झाल्यावर त्यांनी मला साळूबाईंच्या पुढ्यात बसवलं आणि माझा पदर मागं सारला. "हाड तिच्या बापाचं हाय. उपाशी मानसाला हितं खड्डा पडतो. लावा बोट."

साळूबाईंनी बोट लावलं. "भरल्यालं हाय," त्या म्हणाल्या. "पर फरक कसा कळावा?" आणि ताडून बघायला म्हणून त्यांनी शेजारी बसलेल्या आत्याबाईंच्या कानशिलाला बोट लावलं.

बोट आत गेलं.

साळूबाईंनी ते लगेच काढून घेतलं नाही. आत्याबाईंच्या गालांची वर आलेली हाडं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. सारं गाव आणि आमचं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं, त्यांच्या तोंडाकडे कुणी बघितलंच नव्हतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त त्यांचा राग आला. कुणी सांगितलं होतं या बाईला?

"वयानं हुतं तसं," आत्याबाई तोंड फिरवून म्हणाल्या.

"न्हाई हुत," साळूबाई म्हणाल्या. "माझी मनकर्णा तुमच्या बन्सीला दिली. पर येक अट हाय. ती आली की समद्यांनी संगं जेवायचं. तुमाला उपाशी ठिवून खाल्ल्याचं पाप माझ्या लेकीला नको."

लग्न ठरलं. ही गोष्ट साळूबाईंच्या तोंडून गावात पोचली आणि टँकरपाशी बायका म्हणू लागल्या की भागिरथीनं सासूला पार वाळवलं. आत्याबाई तडक तिथं भांडायला गेल्या. माझी सून मला पोटभर खायाला घालती, असं त्या पुढे कितीतरी दिवस दारोदार सांगत फिरल्या, आणि कुणालाही ते पटलं नाही.