आईचा रिपोर्ट

आईच्या थायरॉईडच्या रिपोर्टवर टीएसएचचा आकडा ठळक छापला आहे. तो वाढला म्हणजे थायरॉईडचं काम मंदावलं, एवढं मला कॉलेजमुळे कळतं. असा कागद वाचता येणारी घरात मी पहिलीच.

"गोळी रोज घेतेस ना?" मी विचारलं.

"घेते की. सोमवार, गुरुवार सोडून. उपासाला पूजेआधी तोंडात काही घालू का?"

"अगं, औषधाला कसला उपास? हिमोग्लोबिनही कमी आलंय. डाळ, अंडी, पालेभाजी खायला सांगितलीय, आणि तू साबुदाण्यावर दिवस काढतेस."

"आल्या डॉक्टरीणबाई!" ती हसली. सुजलेल्या चेहऱ्यावर ते हसू फार हळू उमटलं.

मला वाटायचं, घरात एकाला वाचता आलं की बरंच काही बदलेल. आता वाटतं, वाचणाऱ्याला फक्त इतरांच्या आधी भीती वाटू लागते. बाकी घर आपल्या रीतीनेच चालतं.

"निदान गुरुवार तरी सोड," मी म्हटलं.

"तो कसा सोडू? तुझं शिक्षण पुरं व्हावं म्हणून धरलाय तो."

मी रिपोर्टची घडी घातली. उद्या गुरुवार आहे.