पावसातच जाणार

माझी मोठी आत्या शाळेचे गणवेश शिवायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: दोन मशीन, भिंतभर निळं-पांढरं कापड आणि जमिनीवर कायम धाग्यांचा कचरा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण तिला बिचारी म्हणायची कुणाची टाप नव्हती.

धाकटी आत्या लग्न होऊन लांबच्या एका उष्ण देशात गेली होती. फोनवर दर वर्षी तेच. "ताई, ये ना एकदा. पण पाऊस सरल्यावर ये." तिकडे पाऊस सरायचा तेव्हाच इकडे शाळा उघडायच्या आणि मोठ्या आत्याला मान वर करायला फुरसत नसायची. असं करता करता दोघींचे केस पिकले. मग एका सकाळी काजं करताना तिने बाबांना सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात मी धाकटीकडे जातेय."

"ताई, तेव्हा तिकडे धो धो पाऊस असतो."

"माहितेय."

"आणि तुझे गुडघे?"

"ते इथेही दुखतातच. तिकडे दुखले तर कुरकुर ऐकायला कोणीतरी असेल."

तिकीट काढून देणारी मुलगी तरी समजावेल म्हणून बाबांनी मला आत्याबरोबर पाठवलं. मुलगी म्हणाली, "काकू, या दिवसांत बोटी बंद, किनारे बंद, जंगलसुद्धा बंद. तुम्ही बघणार काय?"

"बहीण. ती बंद नसते ना?"

मुलगी हसली आणि तारखा बघायला लागली.

खरा अडथळा धाकटीनेच घातला. "आत्ता मुळीच येऊ नकोस," ती फोनवर रडवेली झाली. मोठी म्हणाली, "मी विचारत नाहीये, सांगतेय," आणि फोन ठेवला. पण नंतर तिने एक बाही उलटी जोडली. उसवता उसवता मला म्हणाली, "भीती वाटत नाही असं नाही गं. पण आता नाही गेले, तर एकदम तिच्या मातीलाच जायची वेळ येईल."

तिने जाड प्लास्टिकचा घोट्यापर्यंतचा रेनकोट शिवला. बाबा म्हणाले, तंबू दिसतोय. "तंबूत माणूस कोरडं राहतं," ती म्हणाली आणि गेली.

पुढचं तिनेच नंतर सांगितलं. पुलावरून पाणी गेल्याने बस अडकली. पाणी उतरेपर्यंत ती बस स्टँडवर अनोळखी बायकांत बसून राहिली. भाषा कळेना, हातवाऱ्यांवर भागवलं. शेवटी बहिणीच्या दारात पोचली, तर धाकटी दार अडवूनच उभी. तिच्या मागे जमिनीवर पातेली, बादल्या, डबे मांडलेले आणि वरून टपटप चाललेली. फोनवर ती कायम मोठं घर, हवेशीर खोल्या असं सांगत आली होती.

"म्हणून नको म्हणत होते," धाकटी म्हणाली. "उन्हाळ्यात कळत नाही."

"सरक आधी. मी भिजतेय."

आत येऊन मोठीने रेनकोट काढला, वर पाहिलं आणि विचारलं, "मशीन आहे का घरात?"

ताडपत्री आणली. धाकटीच्या जुन्या मशीनवर दोघींनी ती जोडून शिवली. सुया मोडल्या, एकमेकींच्या टाक्यांवरून कडाक्याचं भांडणही झालं. उघडीप मिळाली तसे धाकटीचे यजमान छपरावर चढले आणि ताडपत्री ताणून बांधली. एक कोपरा तरीही गळत राहिला. तिथे बादली ठेवून दोघी बाजूलाच गाद्या टाकून लोळल्या आणि लहानपणापासूनच्या सगळ्या नातेवाइकांची उणीदुणी काढत बसल्या.

परतायचा दिवस आला तेव्हा तिचा बाबांना फोन आला. तिकीट पुढे ढकललं होतं.

"अगं, शाळा उघडायला आल्यात," बाबा वैतागले. "दुकान कोण बघणार?"

"कुलूप बघेल," आत्या म्हणाली.