चव्वेचाळीस सह्या आणि एक मंगळवार

नोंद. दिनांक १४ मार्च, मंगळवार. सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी अभिलेख कार्यालयाच्या सर्व्हर रूममधील एक नंबरचा एसी बंद करण्यात आला. तो कोणी बंद केला हे पाहणारी एक व्यक्ती होती आणि केव्हा बंद झाला हे टिपणारे एक यंत्र होते. यंत्राची नोंद आज अस्तित्वात नाही, आणि व्यक्तीच्या शब्दावर विश्वास ठेवायला चौकशी समिती तयार नाही. एसीच्या मेकॅनिकला त्या आठवड्यापासून घरी बसवले आहे. तक्रार एवढीच आहे. परंतु ती एवढ्यावर कळणारी नाही, म्हणून मुळापासून सांगणे भाग आहे.

पाहणाऱ्या व्यक्तीला कार्यालयात पुसणीबाई म्हणतात. वय बावन्न, सर्व्हर रूमची तंत्रज्ञ म्हणून नोकरी एकोणीस वर्षे. दुसऱ्याने हात लावलेला कीबोर्ड पुसल्याखेरीज ती त्याला बोट लावत नाही, यावरून हे नाव पडले. तिच्या खणात पांढऱ्या फडक्यांच्या घड्या असतात आणि त्या पाहून हसणारे पुष्कळ असतात. हसणाऱ्यांनी ती खोली कधी आतून पाहिलेली नाही. एसीखालच्या ट्रेमध्ये साचलेले हिरवट, बुळबुळीत पाणी. फिल्टरवर गोधडीच्या जाडीचा कचरा. फरशीच्या फळ्यांखाली वायरींच्या गुंत्यात वाळून चिकटलेला उंदीर, जो काढणे कोणाचे काम हे ठरवण्यात पाच आठवडे गेले. ‘येथे खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी भिंतीवरून पडली होती आणि कोणीतरी चहाचा कप ठेवण्यासाठी तिचा उपयोग करत असे. तिच्यावर कपाच्या बुडाचे गोल डाग होते, एकात एक अडकलेले.

या घाणीची तिच्याइतकीच चीड असलेला दुसरा माणूस म्हणजे तो मेकॅनिक. त्याला सगळे थंडोबा म्हणत. तो पुसणीबाईंना ताई म्हणे आणि आत येण्यापूर्वी चपला बाहेर काढी, त्यामुळे त्याच्यासाठी फडके काढावे लागत नसे.

“ताई, हा फिल्टर बघा. यात माणूस झोपेल.”

“झोपलाय की. वरच्या मजल्यावर, खुर्चीत.”

“हळू बोला. भिंतीपलीकडे सभागृह आहे.”

वरच्या मजल्यावरच्या खुर्चीत बसणारे गृहस्थ म्हणजे कार्यालयाचे व्यवस्थापक. त्यांच्याविषयी पुढे यायचेच आहे.

टिपणारे यंत्र म्हणजे काळ्या पत्र्याची एक चपटी पेटी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती रॅकमध्ये बसवली. चोवीस रॅकचे तापमान, हवेतील ओल, विजेचा भार, दोन्ही एसींची चालू-बंद स्थिती, हे सारे ती दर मिनिटाला टिपून ठेवी. तिला सगळे पहारेकरी म्हणू लागले. पहारेकऱ्याला कामाला लावणे हे पुसणीबाईंच्या आयुष्यातले शेवटचे मनापासून केलेले काम असावे. प्रत्येक सेन्सरला तिने हाताने नाव दिले, प्रत्येक वायर टोकापर्यंत बोटाने चाचपून पाहिली, पेटीचे घड्याळ सेकंदापर्यंत जुळवले. थंडोबा फळ्या उचलून धरी आणि ती खाली वाकून नंबर वाचून दाखवी. तीन आठवडे लागले. व्यवस्थापकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पेटीशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. फोटोत पेटी बंद आहे.

पेटी फेब्रुवारीत बसली. तिच्या बॅकअपची आठवण कार्यालयाला मे महिन्यात झाली. वीस मे, शुक्रवार. पेटीतील माहितीची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या इमारतीतील सर्व्हरवर जावी, असे ठरले. पडद्यावर दोन चौकटी होत्या. पहिली ‘मांडणी’ची, म्हणजे नावे, पत्ते, पासवर्ड, दुसरी ‘इतिहासा’ची, म्हणजे आजवर टिपलेले प्रत्येक मिनिट. पुसणीबाईंनी दोन्हींवर खूण केली. पेटीने हिशेब करून सांगितले की एक तास पन्नास मिनिटे लागतील. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. व्यवस्थापक पाठीमागे उभे होते, हातात डब्याची पिशवी.

“एवढा वेळ? मला अहवालात आज ‘पूर्ण’ लिहायचंय.”

“इतिहास मोठा आहे सर.”

“मग तो काढा ना. इतिहास कोणाला हवाय? मांडणी महत्त्वाची.”

“नंतर पाहिजे झाला तर?”

“बाई, तुम्ही शंका काढायचा पगार घेता का? ती खूण काढा.”

तिने खूण काढली. चार मिनिटांत पडद्यावर हिरवा ठिपका आला. व्यवस्थापक जिन्याकडे वळले आणि ती मनाशी म्हणाली, सोमवारी परत लावू.

सोमवारी तिने लावली नाही. ही गोष्ट तिची बाजू घेऊन सांगितली जात आहे, म्हणूनच हे झाकून चालणार नाही. हिरवा ठिपका तिला आवडला. चार मिनिटांत येणारा, कोणाशी वाद न घालणारा, शुक्रवारी साडेपाचला घरी जाऊ देणारा ठिपका. एक नोंदवही ठेवण्यात आली: दिनांक, ‘बॅकअप घेतला’, सही. जूनपर्यंत ती चौकट तिच्या ध्यानातून पार गेली होती. दर आठवड्याची फाइल जवळजवळ त्याच वजनाची भरत होती. रोज वाढणाऱ्या इतिहासाची फाइल वाढत का नाही, हा प्रश्न एकोणीस वर्षे हेच काम करणाऱ्या बाईला पडला नाही. डाग शोधण्यात तरबेज असलेल्या तिच्या डोळ्यांना हा डाग दिसला नाही, आणि आज तिला सर्वांत जास्त किळस याचीच येते.

आता तो मंगळवार. दोन नंबरचा एसी नऊ दिवस उघडा पडून होता, कारण त्याच्या सुट्या भागाच्या मागणीपत्रावर व्यवस्थापकांची सही व्हायची होती. ती त्याच सकाळी झाली, आणि थंडोबा भाग आणायला तळमजल्यावरच्या भांडारात गेला. भांडाराच्या वहीत वेळ आहे: दहा पस्तीस ते दहा पंचावन्न. सभागृहात त्या वेळी समारंभ होता. बासष्ट खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. व्यवस्थापकांनी स्वागत केले आणि प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. भिंतीतून एसीचा घुमणारा आवाज येत होता, तो या इमारतीत रोजच येतो. व्यवस्थापक व्यासपीठावरून उतरले आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले.

दहा बेचाळीसला पहारेकऱ्याने पडद्यावर लाल पट्टी दाखवली. पुसणीबाई पॅसेजमध्ये धावली. स्विचबोर्डाच्या पेटीशी व्यवस्थापक उभे होते, बोट अजून स्विचवर.

“सर, दुसरा एसी बंद आहे. हा एकच चालू होता.”

“भाषण होऊ दे. दहा मिनिटं.”

“दहा मिनिटांत आत भट्टी होईल.”

“मग दार उघडं ठेवा, वारा येईल,” असे म्हणून त्यांनी स्विचबोर्डाला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि ते पुन्हा व्यासपीठावर जाऊन बसले.

दहा मिनिटे झाली, वीस झाली. भाषण चालूच होते. व्यवस्थापकांचा फोन बंद. ती सभागृहाच्या दाराशी गेली, तर शिपाईमामा आडवे आले. “साहेबांनी सांगितलंय, कुणालाही सोडायचं नाही. माझी नोकरी घालवता का ताई?” ती दाराशी उभी राहिली. दार ढकलले नाही. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. भाग घेऊन वर आलेल्या थंडोबाने सर्व्हर रूमचे दार उघडले आणि आतली हवा तोंडावर आल्याबरोबर मागे सरकला. अकरा दहाला बेचाळीस अंश. सर्व्हर एकामागून एक बंद पडू लागले. किल्ली कोणाकडे आहे हे कळल्यावर त्याने आणखी काही विचारले नाही. स्क्रू-ड्रायव्हर कुलपात घातला आणि अकरा वीसला एसी सुरू केला. तोवर माहिती साठवणारी दोन यंत्रे जळाली होती. कार्यालयाच्या कामकाजाच्या खिडक्या तीन दिवस बंद राहिल्या आणि लांबून आलेली माणसे पायऱ्यांवर बसून परत गेली.

गुरुवारी व्यवस्थापकांचा अहवाल निघाला. दुरुस्तीसाठी आलेल्या मेकॅनिकने अकराच्या सुमारास, परवानगी न घेता, स्विचबोर्डाचे कुलूप तोडून एसी बंद केला. तुटलेले कुलूप पुरावा म्हणून पिशवीत घालून वर चिठ्ठी डकवली होती.

थंडोबा हसला. “ताई, पहारेकऱ्याला विचारा की. दहा बेचाळीसला मी भांडारात सही करत होतो.”

“त्याच्याकडे मिनिटामिनिटाचं आहे,” ती म्हणाली. “तू काळजी करू नकोस.”

शुक्रवारी तिने बॅकअप घेतला, हिरवा ठिपका पाहिला आणि सही केली. चव्वेचाळिसावी. सोमवारी पेटी विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. पेटी गरम होऊन अडखळत होती, तेव्हा ती पूर्ण पुसून नवी प्रणाली भरायची असे ठरले होते. व्यवस्थापकांनी त्याला मुद्दाम त्याच वेळी बोलावले, असे येथे म्हणायचे नाही. म्हणायला पुरावा लागतो. इंजिनिअरने मात्र रीतसर विचारले, “बॅकअप आहे ना मॅडम?”

“आहे,” ती म्हणाली.

तासाभराने त्याने बॅकअप परत भरला. सेन्सरची नावे आली, पत्ते आले, तिने निवडलेले रंगसुद्धा आले. आलेखाची जागा कोरी होती. पहिले मिनिट त्याच दिवशीचे, दुपारी दोन वाजून सहा मिनिटांचे. त्याच्या आधीचे काही नव्हते. तिने चव्वेचाळीस फायली एकेक करून उघडायला लावल्या. सगळ्यांत तीच स्वच्छ, नीटनेटकी, निरुपयोगी मांडणी. इंजिनिअर घड्याळ पाहत म्हणाला, “इतिहासाची खूणच नाहीये मॅडम. सेटिंग कुणी केलं होतं?”

तिने खणातून फडके काढले आणि हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

घरी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. दिवेलागणीला उशाजवळची बॅटरी एकदा लावून पाहायची, हा त्यांचा नेम; घरातला सर्वांत जुना विनोदही तोच.

“तोंड का असं गं?”

“फायली रिकाम्या निघाल्या, आई. ज्यांच्यावर मी सह्या केल्या त्या.”

“उघडून नव्हत्या बघितल्या?”

“हिरवा ठिपका येत होता.”

सासूबाईंनी भिंतीवर उजेड पाडला आणि बॅटरी विझवली. “हिला बाई ठिपका नाही. म्हणून रोज लावून बघावी लागते.”

“तुम्ही आता माझी शाळा घेऊ नका.”

“शाळा कसली, मी सेल बघतेय. त्या मेकॅनिकचं काय होणार पण?”

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी तयार ठेवले होते, टाइप करून. तांत्रिक दोषामुळे इतिहास नष्ट झाला. एसी बंद झाला त्या वेळी मी जागेवर नव्हते. खाली तिचे नाव. सही केली की तिच्यावर काही येणार नाही, असे त्यांनी चहा पुढे सरकवत सांगितले. कपाच्या काठावर ओठांचा जुना ठसा होता.

“ही पंचेचाळिसावी होईल,” ती म्हणाली.

“काय?”

“सही. पण ही मी वाचलीय, त्यामुळे करता येत नाही.”

तिने स्वतःच्या अक्षरात दोन पाने लिहून चौकशी समितीला दिली. खूण तोंडी हुकुमावरून काढली. काढणारा हात माझा. चव्वेचाळीस सह्या न उघडता केल्या. ‘बॅकअप आहे’ असे न पाहता सांगितले. आणि चौदा तारखेला दहा बेचाळीसला स्विचवर व्यवस्थापकांचे बोट मी पाहिले.

समितीत तिघे होते. मधल्या गृहस्थांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिले. आवाज मऊ होता, आणि तोच जास्त ओशट वाटला.

“म्हणजे चव्वेचाळीस शुक्रवार तुम्ही न पाहता लिहून दिलंत की पाहिलं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग त्या मंगळवारी तुम्ही पाहिलंत, हे आम्ही कशावरून मानायचं?”

प्रश्न चुकीचा नव्हता. तो विचारणाऱ्यांना सत्य हवे होते असे मात्र नाही. शिपाईमामांना काही आठवत नाही. भांडाराची वही खरी आहे, पण एसी केव्हा बंद झाला याची वेळच सिद्ध होत नसल्याने ती निरुपयोगी ठरवली आहे. तिला ताकीद मिळाली. थंडोबा घरी आहे. परवा तो फोनवर म्हणाला, “ताई, तुम्ही खरं लिहिलंत त्यानं माझं जमलं नाही, पण बरं वाटलं.” तिने फोन ठेवला आणि खरकटी भांडी घासायला घेतली. पहारेकरी पुन्हा चालू आहे. इतिहासाची खूण आता लावलेली आहे, बॅकअपला पुष्कळ वेळ लागतो, आणि दर शुक्रवारी ती फाइल उघडून आतले एक मिनिट वाचते, मगच सही करते. त्यात तो मंगळवार कधीच येणार नाही.

तो मंगळवार आता एकाच ठिकाणी उरला आहे. त्या सकाळी बासष्ट जण सभागृहात बसले होते, आणि त्यांतले बहुतेक जण हे कर्मचारी वार्तापत्र वाचतात. तुमच्या पाठीशी रोज घुमणारी भिंत एकाएकी गप्प झाली. व्यासपीठावरची एक खुर्ची तेव्हा रिकामी होती आणि थोड्या वेळाने भरली. पाहुण्यांनी थांबून म्हटले, “आता बरं झालं,” आणि तुम्ही हसलात.

समिती ३० एप्रिलला निर्णय देणार आहे. त्याआधी एका कागदावर लिहा: आवाज थांबला तेव्हा कोण बोलत होते, आणि कोण जागेवर नव्हते. खाली नाव घाला, सही करा, आणि तो कागद समितीच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या. सही करण्यापूर्वी लिहिलेले एकदा वाचा.