स्टेटसवरचं पान आणि गल्लीतल्या भाकऱ्या

मी मूळची भंडाऱ्याकडची. नववीत शाळा सुटली, आता कोल्हापुरात एका दुकानात कपडे शिवते. शिवता शिवता मुलांसाठी एक कादंबरी लिहून झाली, आणि ती छापायला कुणीतरी तयारही झालं. याचं मला अजून खरं वाटत नाही. प्रकाशनाच्या मॅडम म्हणाल्या, "एखादं पान आधी लोकांना वाचायला द्या."

तिथूनच माझी झोप उडाली. गोष्टीतला भाऊ म्हणजे माझाच धाकटा भाऊ, नदीत बुडालेला. त्यानंतर आमच्या घरी त्याचा विषय निघाला की माय उठून आत जायची. पुस्तक निघतंय हे तिला ठाऊक होतं, पण ते त्याच्यावर आहे, हे सांगायची माझी छातीच झाली नव्हती. ती नको म्हणाली तर पुस्तक थांबवायचं, एवढं मात्र मनाशी पक्कं होतं.

रविवारी सकाळी धीर करून पान व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावलं. मायला तेवढं त्यातून वगळलं. पान असं सुरू होत होतं: 'आज आमची चूल पेटली नाही. भाऊ गेला. त्याची चप्पल दारातच आहे आणि ती आत घ्यायचं धाडस कुणालाच होत नाही.' या गडबडीत खाली पुस्तकाचं नाव टाकायचं राहूनच गेलं.

थोड्या वेळानं दार वाजलं. घरमालकीण मावशी, हातात भाकऱ्यांचं टोपलं. मागे शेजारच्या काकू, पिठल्याचं पातेलं घेऊन. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, खाणं शेजाऱ्यांनी आणायचं. आमच्याकडेही तसंच असतं.

"कवा गेला गं? आम्हास्नी सांगायचं न्हाईस व्हय?" मावशीनं मला छातीशी धरलं.

"मावशी, ते पुस्तकातलं आहे."

"पुस्तकात गेलाय?"

"हो. म्हणजे खराही गेलाय. पण लई वर्षं झाली."

"एक काय ते ठरीव की!" काकू पातेलं सांभाळत म्हणाल्या. "हात भाजाय लागलाय माझा."

मावशीनं मात्र कपाळाला हात लावला. "आगं, मी तुझ्या आईला फोन केलो की!"

मी जेवते की नाही, हे माय नेहमी मावशीलाच विचारायची, त्यामुळे नंबर होताच.

"काय बोललात?"

"म्हटलो, पोरीनं फोनात लिवलंय ते वाचलं, पोराचं लई वाईट झालं. पोरीची काळजी करू नका, भाकरी घेऊन चाललोय. तुझ्या आईनं फोनच ठेवला बघ."

तेवढ्यात माझा फोन वाजला. माय. माझा हात पुढे होईना, तर मावशीनंच उचलून स्पीकरवर टाकला.

"काय लिवलं वं तू त्याच्यावर? वाच."

वाचलं. पलीकडून काहीच येईना. उठून आत गेली, असंच मला वाटलं.

"चप्पल कोठची?" माय एकदम म्हणाली. "तो तं अनवाणी फिरे. घेऊन देली का दुसऱ्या दिवशी हरवून ये. आन् इतका गरीब गायीवानी कायले दाखवला त्याले? मास्तरची सायकल घेऊन पयाला होता, थे लिवलं का?"

"नाही."

"मंग काय लिवलं, माती?"

मावशी फोनवर वाकली. "सायकल कशी पळवली ओ ताई? सांगा की."

आणि माय सांगायला लागली. मास्तर धोतर सावरत मागे कसे धावले, पोरगं तळ्याच्या बांधावरून थेट चिखलात कसं गेलं. काकूंना हसताना ठसका लागला. माय त्याचं नाव घेत होती, दर वाक्याला घेत होती.

"माय, मग छापू ना पुस्तक?"

"सायकल टाकशील तं छाप," ती म्हणाली. "आन् त्या बायांले जेवू घाल आधी. तुह्यासाठी धावत आल्या."

आम्ही तिघी खाली बसलो. फोन मधे ठेवला. पिठलं झणझणीत होतं, आणि माय पुढची खोडी सांगत होती.