शेवटचा रकाना

पोरगी वाचायची कशी, तर घडाघडा. पाचवीत होती. संगमेश्वरच्या आतल्या अंगाला आमची दोन खोल्यांची शाळा, शिकवणारी माणसं दोनच, गुरुजी आणि मी. वाचनाची तपासणी आली की मी हिलाच पहिली बसवायची, म्हणजे सुरुवात तरी बरी होते.

तपासणीचा तक्ता असतो. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, आणि शेवटच्या रकान्यात 'समजपूर्वक वाचन'. त्यासाठी परिच्छेदाखाली तीन प्रश्न छापलेले असतात, ते तोंडी विचारायचे. त्या दिवशी सगळी माहिती संध्याकाळच्या आत मोबाइलवरून भरायची होती, आणि रेंज मिळते ती वर सड्यावर, कातळावर जाऊन उभं राहिलं की. पोरीनं परिच्छेद एका दमात वाचला. मी प्रश्न विचारलेच नाहीत. म्हटलं, हिला काय विचारायचं, हिला येणारच! शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि सडा चढले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. वाटेत तिची आई भेटली. नवरा गेलेला, सही करण्यापुरती अक्षरं येणारी बाई. घरी कागद आला की गुरुजींकडे घेऊन यायची. मी आपली मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "अगो, आता कुणाच्या दारात कशाला जातेस? पोरगी तुझी सगळं वाचते." तिचा चेहरा असा काही फुलला, मलाही बरं वाटलं. आग लागो त्या बरं वाटण्याला.

चारेक महिन्यांनी ती शाळेत आली. तिच्या काजूच्या बागेला मुंबईच्या दिराची माणसं दगडांचा गडगा घालत होती. पोटापाण्याला तिला तेवढी बागच. हातात तलाठ्याची जुनी नोटीस. हिनं हिस्सा सोडलाय, सातबाऱ्यावरून नाव कमी करा, असा दिराचा अर्ज. नोटीस मिळाल्याची सही हिचीच.

"आली तेव्हा वाचून नाही घेतलीस?"

"घेतली तर! पोरीनं वाचलान ना. कुठं म्हणून अडकली नाय. मी इचारलं, म्हणजे काय गो? तर म्हणते, आये, हरकत नाही असं लिवलंय. म्हटलं, हरकत नाय तर बरंच झालं. ठेवला डब्यात."

मी पोरीला बोलावलं, कागद हातात दिला. ती तपासणीला उभी राहते तशी ताठ उभी राहिली आणि खणखणीत वाचू लागली. "पंधरा दिवसांच्या मुदतीत हरकत न घेतल्यास आपली काही हरकत नाही असे समजून नोंद मंजूर करण्यात येईल."

"हरकत घेणं म्हणजे काय गो?"

तिनं कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. मग हळूच म्हणाली, "बाई, परत वाचू?"

मी तिला जवळ घेतलं, नको म्हटलं.

रत्नागिरीला वकिलाकडे मीच तिच्या आईला घेऊन गेले. त्यानं सही बघितली, तारीख बघितली. म्हणाला, अपील करू, पण नोटीस हातात पडलेली आहे, मुदत केव्हाच संपली, मला यात फार आशा दिसत नाही. तोवर काजू दीरच काढणार.

परत येताना एसटी स्टँडवर बाकावर बसलो होतो. मला राहवेना. म्हटलं, "माझं चुकलं गो. त्या दिवशी मी तिला प्रश्न विचारलेच नव्हते. न विचारताच खूण केली, आणि वर तुला सांगून बसले."

तिला ते कितपत कळलं, देव जाणे. बाई आपल्यासमोर रडतायत म्हणून ती बिचारी अवघडली. पिशवी मांडीवर घेऊन मला बसायला आणखी जागा करून दिली.

"असू दे हो बाई," ती म्हणाली. "हरकत नाय."