जी पत्रिका भाऊंनी छापली नाही

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला दिगंबरभाऊंच्या छापखान्यात मी पहिल्यांदा गेले, ती आमच्या बचत गटाची पावतीपुस्तकं छापायला. दहावी झालेली म्हणून गटाच्या वह्या माझ्याकडं. भाऊंनी माझा कागद वाचला आणि म्हणाले, "वहिनी, बारा बायांचा गट तुमचा. एवढी पुस्तकं उधई खाईन. दोनच न्या." आलेलं काम आपणहून कमी करणारे गृहस्थ मी तोवर पाहिले नव्हते.

त्या भाऊंना आता पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामाबद्दल या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. मी एकच गोष्ट लिहिते, आजवर घराबाहेर न सांगितलेली. माझी मुलगी माधुरी म्हणाली, "लिही आई, आता कायचं भेव?" तिला विचारूनच लिहिते आहे.

माधुरीचं लग्न धनजच्या निखिलशी ठरलं होतं. आडनाव वेगळं, देवक वेगळं, गुण जुळलेले. साखरपुडा झाला होता, दोघं रोज फोनवर बोलत. लग्नपत्रिकेचा मजकूर मी भाऊंकडं दिला आणि साध्यातला साधा कागद सांगून आले. चौथ्या दिवशी दुपारी भाऊ स्वतः बसनं शिरपूरला आमच्या दारात. पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची म्हणून मी हळदकुंकवाचं ताट घेतलं. ते पाण्यालाही हात लावेनात.

"वहिनी, पत्रिका छापली नाही. आधी दार लोटा."

मी ताट खाली ठेवलं आणि दार लोटलं. आमचे हे म्हणाले, "काहून हो, भाऊ?"

भाऊंनी पिशवीतून जाड वही काढली. वडिलांच्या काळापासून छापखान्यातल्या प्रत्येक कामाचा एक नमुना तिच्यात चिकटवलेला आहे. एका पिवळ्या कार्डावर त्यांनी बोट ठेवलं. ते दत्तकविधानाचं आमंत्रण होतं.

"लहानपणी छपाईचे खिळे जुळवाले शिकलो, तवा माह्या हातचं हे पयलं काम. म्हणून तुमच्या मजकुरात निखिलच्या आज्याचं नाव वाचल्याबरोबर आठवलं."

धनजच्या त्या आजोबांनी दत्तक घेतलेलं मूल म्हणजे निखिलचे वडील. आणि जन्मदात्याच्या जागी माझ्या चुलतसासऱ्यांचं नाव छापलेलं होतं. ते तरुणपणीच वारले. त्यांची बायको तान्हं मूल घेऊन माहेरी गेली, जमिनीच्या वाट्यावरून बोलणं तुटलं. त्या मुलाचं पुढं काय झालं, हे आमच्या घरात कोणी विचारलंच नाही. निखिलचे वडील आता हयात नव्हते, आणि त्याच्या आईला दत्तकाची गोष्ट ठाऊक नव्हती.

"पोरगा तुमच्या पोरीचा भाऊ लागते," भाऊ हळूच म्हणाले. "वाशिमले वकिलाले नाव न सांगता इचारलं. दत्तक गेला तरी रक्ताचं नातं तुटत नाही म्हणते. असं लगन कायद्यात लगनच नाही."

मी देव्हाऱ्यासमोर बसले, पण तोंडातून देवाचं नाव निघेना. थोड्याच दिवसांत भावाची उष्टी हळद बहिणीला लागली असती. पुढचं मनातही आणवेना. शिवाय लोकांची भीती. माझ्या पोरीला काय काय म्हणतील! माधुरी एवढंच म्हणाली, "आई, मी त्याच्याशी काय काय बोलली..." आणि तिनं ओढणीत तोंड झाकून घेतलं.

भाऊ धनजलाही स्वतः गेले. बाहेर मात्र त्यांनी कोणालाही कारण सांगितलं नाही. लग्न त्यांनीच मोडलं, असं लोक बोलू लागले. बाजारात एकानं माझ्यासमोर टोमणा मारला, "काय भाऊ, कार्डं छापता का लग्नं मोडता?"

"दोन्ही," भाऊ हसून म्हणाले. "तुह्यं छापाचं आहे का?" माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दोन वर्षांनी माधुरीचं दुसरीकडं जमलं. मजकूर घेऊन मीच गेले. भाऊंनी एकेका नावावर बोट ठेवून वाचलं, दोन्हीकडच्या पणजोबांपर्यंत चौकशी केली आणि मग विचारलं, "वहिनी, भावांच्या ओळीत एक नाव राह्यलं ना?" तिथं त्यांनी निखिलचं नाव घातलं. मांडवात नवरदेवाचा कान निखिलनंच पिळला. माधुरीनं तेव्हा मान वर केली नाही.

आता पत्रिका मोबाइलवर येतात. त्यात आजोबा नसतात, काका-मामा नसतात. दर वेळी मनात येतं, ही कोणी नीट वाचून पाहिली असेल का? माझे दोन मुलगे लग्नाचे आहेत. रोज दिवा लावताना देवाजवळ मागते, भाऊंना उदंड आयुष्य दे, त्यांचे डोळे शाबूत ठेव. भाऊ, ती वही अजून मिटू नका. माझ्या घरच्या दोन पत्रिका तुम्ही वाचायच्या राहिल्या आहेत.